रेघेखालच्या वीस जणी

प्रवेश विभागातल्या बाईंना सगळं कॉलेज ‘फोनबाई’ म्हणायचं. बावीस वर्षं एकच खुर्ची, एकच काळा फोन. शाळा संपवलेल्या मुलांच्या घरी फोन करायचा, आईबापांच्या शंका फेडायच्या आणि मूल आपल्याकडे वळवायचं, हे त्यांचं काम. नकार कळवायला बसलेला बापसुद्धा त्यांचा आवाज ऐकला की ‘येतो उद्या’ म्हणून मोकळा व्हायचा. मी शेजारच्या खोलीत ग्रंथपाल. मधली भिंत पातळ, त्यामुळे बाईंची निम्मी वाक्यं मला पाठ होती.

कॉलेज लहान, आणि मुलं वर्षागणिक कमी होत चाललेली. इतिहासाच्या वर्गात सात डोकी उरली तेव्हा प्राचार्यांनी मैदानाचा घाट घातला. कृत्रिम गवत, नव्या जाळ्या, मुलींचा फुटबॉल संघ. इकडे ग्रंथालयाचं छत गळत होतं, म्हणून मी कुरकुरलो.

“पुस्तकं बघून हल्ली कोण प्रवेश घेतं?” प्राचार्य म्हणाले.

बाईंना फोनवर बोलायला नवं वाक्य मिळालं. “आमच्याकडे या, संघात खेळायला मिळेल.” त्या वर्षी त्या एका वाक्यावर अडतीस मुली आल्या. त्यातली एक तर बाईंच्या सख्ख्या बहिणीची लेक. बहीण राजी नव्हती, तिच्या घराजवळच दुसरं कॉलेज होतं. “अगं, मी आहे ना इथं!” म्हणत बाईंनीच तिच्या गळी उतरवलं.

चार महिन्यांनी एका दुपारी बाई सहीसाठी क्रीडाशिक्षकांच्या खोलीत गेल्या. ते मैदानावर होते. टेबलावर संघाची यादी पडली होती. अठरा नावांपुढे जर्सीचे नंबर, मग एक रेघ, आणि रेघेखाली वीस नावं, नंबरांशिवाय. बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘फक्त प्रवेशापुरत्या’. त्यात तिसरं नाव भाचीचं.

बाई यादी घेऊन तडक माझ्याकडे आल्या. कागद माझ्यापुढे धरला. मी वाचला. आम्ही दोघं मैदानावर गेलो.

क्रीडाशिक्षक वाईट माणूस नव्हता. यादी पाहून त्यानं मान खाली घातली. “मला प्राचार्यांनी सांगितलं होतं, अडतीस मुली घे. खेळवायच्या किती, ते कुणी बोललंच नाही. जर्सी पहिल्यापासून अठराच मागवल्या होत्या, बाई. तुम्ही फोन करायला बसलात, त्याच्याही आधी.”

“आधी?” बाईंनी तीनदा विचारलं. “आधी?”

तिथून आम्ही प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी काहीच नाकारलं नाही. “त्या वीस जणींची फी आली नसती तर इतिहासाचा वर्ग बंद झाला असता. तुमची खुर्ची गेली असती, यांचं ग्रंथालयही. आता तुम्हीच सांगा, कुणाला घरी पाठवू?”

आम्ही दोघं तिथून निघालो ते भाचीला शोधायला.

भाची कँटीनमध्ये होती. बाईंनी तिला अडखळत सगळं सांगितलं. पोरगी शांतपणे म्हणाली, “मावशी, आम्हाला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

“अगं, मग दर शनिवारी सामन्याला जातेस ती?”

“पाण्याच्या बाटल्या भरते.”

बाईंनी ती यादी घडी करून पर्समध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. तोच मऊ आवाज, पण वाक्य माझ्या पाठांतरातलं नव्हतं. “मी तुम्हाला खोटं सांगितलं. मला माहीत नव्हतं, पण सांगितलं मीच. तुमच्या मुलीला खेळवणार नाहीत.” एकामागून एक वीस घरं. अकराव्या फोनला प्राचार्य दारात येऊन उभे राहिले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, फोन मात्र ठेवला नाही.

पुढच्या आठवड्यात आईबाप येऊन धडकले. नऊ मुली सत्र संपताच दाखला घेऊन गेल्या. उरलेल्या अकरा जणी हटून बसल्या, तेव्हा त्यांचा दुसरा संघ झाला. शिवायला वेळ नव्हता, म्हणून कुणाची जर्सी निळी, कुणाची पिवळी. पण त्या खेळल्या. इतिहासाचा वर्ग पुढच्या वर्षी खरंच बंद झाला, आणि त्या विषयाचे सर आमच्या दोघांशीही बोलेनासे झाले. बाईंची बदली परीक्षा विभागात झाली. तिथं फोन नव्हता.

भाची गेलेल्या नऊ जणींतली. घराजवळच्या कॉलेजात तिला संघात जागा मिळाली. बहिणीनं वर्षभर अबोला धरला होता, पण पोरीच्या पहिल्या सामन्याला मात्र तिनं बाईंना बोलावलं. बाई गेल्या. सगळा सामना त्या कठड्याला धरून उभ्याच होत्या. बहीण दोनदा “बस गं” म्हणाली, तरी बसल्या नाहीत.