निधनवार्तांखालचा शब्द

सोमवारी सकाळी आमच्या वाचनालयाच्या फळ्यावरून पाटणकर सरांचा शब्द पुसला गेला. सर इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. पत्नी गेल्यापासून ते रोज वापरातून गेलेला एक इंग्रजी शब्द फळ्यावर अर्थासह लिहीत. घराबाहेर पडत ते तेवढ्यासाठीच. शब्द खाली असे, वर गावातल्या निधनवार्ता.

त्या दिवशीचा शब्द होता 'ॲप्रिसिटी', म्हणजे थंडीतल्या उन्हाची ऊब.

"सर, आज तीन नावं आहेत, जागा पुरत नाही," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "आणि खरं सांगू? तुमचे शब्द कुणी बघतही नाही हो."

"माहीत आहे. कुणी विचारलं असतं तर ते मेले कशाला असते, बाई?"

मी पेपर खाली ठेवला. शब्द मेला तरी त्याची वस्तू मागे राहते. ऊन तेव्हाही पायरीवर पडलेले होते. माणसाचे उलटे आहे. माणूस जातो आणि त्याचे नाव एक दिवस फळ्यावर राहते.

सरांनी स्वतःच आपला शब्द पुसला आणि खडू बाईंच्या टेबलावर ठेवला.

मंगळवारी एकही निधनवार्ता नव्हती. फळा पूर्ण रिकामा होता. सर आले नाहीत.