औषध उडालेली भेंडी

आशागडच्या नाक्यावर भेंडी घेऊन बसणाऱ्या काकांचं नाव मी चार वर्षांत कधी विचारलं नाही. मी शाळेत शिकवते, म्हणून ते मला 'बाई' म्हणत. वजन करण्याआधी एक भेंडी कच्चीच स्वतःच्या तोंडात टाकत आणि म्हणत, "नुसती शेणखताची हाये. खा तशीच." माझी धाकटी मुलगी तिथेच उभी राहून खायची.

एकदा दोन दिवस ते दिसले नाहीत, म्हणून विचारत विचारत मी तलासरीकडच्या त्यांच्या पाड्यावर गेले. काका-काकू भेंडीची झाडं मुळासकट उपटत होते. कंबरेएवढी, भेंडीनं लगडलेली झाडं.

मी ओरडलेच, "अहो, हे काय करताय?"

काका म्हणाले, "परवा शेजाऱ्यानं औषध मारला. वारा इकडं होता. सगळ्या भेंडीवर उडाला. आता ही झाडं नुसती शेणखताची नाय राहिली."

"मग धुऊन विका ना! कोणाला कळणार आहे?"

काकांनी हातातलं झाड बाजूला टाकलं.

"तुमची पोर कच्ची खाते, बाई," एवढंच म्हणाले आणि पुढचं झाड उपटलं.

तिची आई असून मी हे बोलले होते.

बांधापलीकडे तो शेजारी पाठीवर पंप घेऊन मान खाली घालून उभा होता. आता भांडण पेटणार, असं मला वाटलं. काका बांधापाशी गेले. त्यांनी डोक्याचा फडका सोडला आणि त्याच्या हातात दिला.

"तोंड बांधून मारत जा रे," ते म्हणाले. "तुझ्या छातीत पण जातो तो."