पंचफुलेचा पंप आणि भिवाजींची मोट

रामाकोन्याजवळच्या त्या खेड्यात पंचफुलेने गावचा हातपंप सांभाळायला घेतला, तेव्हा बाप्ये खूप हसले. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं ती. हसणाऱ्यांचं काय जातं! तिचा नवरा नत्थूजी ऐन कपाशीच्या पेरणीत खाटेवर विव्हळत पडला होता आणि त्याच्या पायातून नारूचा किडा दोऱ्यासारखा बाहेर येत होता, हे तिने पाहिलं होतं. नारू यायचा बावडीतून. सारं गाव तिच्या पायऱ्या उतरून, पाण्यात पाय बुडवून घागरी भरायचं. एकाचा दुखरा पाय पाण्यात बुडला की त्यातला रोग ते पाणी पिणाऱ्यांच्या पोटात जायचा.

म्हणून पंप बसला तशी ही बाई सौंसरला जाऊन दुरुस्ती शिकून आली. ओटा धुवायच्या पाळ्या तिनेच घरोघर लावल्या. पाळी चुकवणारीला ती असं काही ऐकवायची, की पुन्हा चुकवायची हिंमत होत नसे.

एवढ्या हुशार बाईनेही एक घोटाळा केलाच. पंप पाणी ओढेना, तेव्हा सरकारी मिस्त्रीची वाट न पाहता तिने तो उघडायचं ठरवलं. इथवर ठीक. पण आपली करामत सगळ्यांनी पाहावी म्हणून साऱ्या गावाला बोलावून बसली! चार बायांनी मिळून सळ्या वर ओढल्या. पंचफुलेने झिजलेला वायसर काढून मोठ्या तोऱ्यात तळहातावर धरला. तो चामड्याचा होता.

तिचे चुलतसासरे भिवाजी पुढेच बसले होते. गळ्यात तुळशीची माळ, शब्दाला गावात वजन.

"चामडं? इतके दिवस आमी चामड्यातलं पानी पिऊन राहिलो का?"

ते उठले आणि घागर घेऊन थेट बावडीकडे चालू लागले. त्यांच्यामागे गाव.

नवा वायसर बसला, पाणी भळभळा येऊ लागलं, पण भरायला कोणी फिरकेना. सासऱ्यासमोर सुनेने तोंड उघडायचं नाही ही तिथली रीत, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. पंचफुला रोज एकटीच ओटा धुवायची. तिला राग येई आणि रडूही येई. आता कोणाकोणाच्या पायातून नारू निघेल, या धास्तीने घास उतरत नसे.

आठवडा उलटला तशी ती उठली, भिवाजींच्या गोठ्यात आढ्याला लटकलेली जुनी मोट उतरवली आणि पंपाच्या ओट्यावर आणून ठेवली. भिवाजी ओरडतच आले, त्यांच्यामागे नत्थूजी आणि गावही.

"माह्या बापाची मोट आहे ते! कायले आनली इथं?"

पंचफुलेने पदर नाकापर्यंत ओढला आणि नवऱ्याकडे तोंड केलं. "विचारा मामाजीले, हे मोट कायची आहे?"

नत्थूजी बिचारा दोघांच्या मध्ये उभा.

"आन् भर उन्हाळ्यात मोटेच्या धारेले ओंजळ लावून कोन पीत होतं, तेबी विचारा!"

बाया पदरात हसल्या. भिवाजी त्या सुरकुतलेल्या कातड्यावरून हात फिरवत राहिले. तेच पाणी पिऊन बापलेक वाढले होते. मग ते पंपाखाली वाकले आणि ओंजळ पुढे केली.

"हान पंप, नत्थू."

नारू लगेच निघत नाही, वर्ष घेतो. पुढच्या पेरणीला गावात तो एकाच पायातून निघाला, भिवाजींच्या. पंचफुला रोज जाऊन पट्टी बांधायची. पदर तसाच खाली, तोंड बंद.

"पंचफुले," म्हातारा एक दिवस म्हणाला, "बोलत जाय माह्यासंगं. तू त्याच दिवशी बोलली असती, तं हा पाय वाचला असता."

पंचफुलेने पट्टीची गाठ मारली आणि पदर कपाळापर्यंत मागे सारला.

"तं मंग आयका मामाजी," ती म्हणाली, "हा पाय घेऊन बावडीत उतरसान, तं खबरदार!"