लिश्टेनश्टाइनची तयारी

लेकीला शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत चिठ्ठीत लिश्टेनश्टाइन हा देश आला आणि त्याच आठवड्यात नवऱ्याची नोकरी गेली. व्हिसा कंपनीचा, म्हणजे महिन्याभरात गाशा गुंडाळून नाशिकला. आठवीतल्या पोरीला हे स्पर्धेआधी कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. जन्मच तिचा दुबईतला. कळलं असतं तर स्टेजवर तिच्या तोंडून शब्द फुटला नसता.

दुबईच्या अल मनखूल भागातल्या आमच्या एका बेडरूमच्या घरात गुपित ठेवायचं तरी कुठे? पण इथल्या मराठी घरांत एक युक्ती असते. पोरं इंग्रजीत बोलतात ना, मग मोठ्यांनी आपलं भरभर मराठीत उरकायचं. ती टेबलावर ऱ्हाइन नदी रंगवत असायची आणि आम्ही दोघं ओट्याशी; बोलता बोलता मी रडूनही घ्यायचे.

"सामान कार्गोनं पाठवायचं का?"

"आधी तिचा दाखला काढायला हवा. आणि हळू बोला!"

"अगं, तिला काय कळतंय, कप्पाळ!"

मी मात्र धास्तावलेली, म्हणून खेकसायचे तिच्यावरच. "शेजारी कोण?"

"स्वित्झर्लंड अँड ऑस्ट्रिया."

"समुद्र?"

"नो सी, आई. ईव्हन द नेबर्स हॅव नो सी. खलास, इनफ!"

स्पर्धेच्या दिवशी ऊद मेथा भागातल्या तिच्या शाळेच्या हॉलमध्ये बसले, तर ओळखीच्या एका बाईंनी मागून विचारलं, "काय हो, तिकिटं झाली का?" यांना कळलं, म्हणजे यांच्या मुलीला कळलं. आणि ती मुलगी तर माझ्या लेकीच्याच वर्गात! अहो, जरा गप्प बसा ना, असं ओरडावंसं वाटलं.

लेक बोलली झकास. डोंगर, नदी, सम्राटाच्या सभेत खुर्ची मिळावी म्हणून एका घराण्यानं विकत घेतलेल्या आणि पुढे हाच देश झालेल्या दोन जहागिऱ्या, सगळं बिनचूक. मग परीक्षकबाईंनी विचारलं, "यातलं सगळ्यात विचित्र काय वाटलं तुला?"

ती थांबली. विसरली की काय?

"त्यांनी देश विकत घेतला आणि शंभरेक वर्षं कुणी राजा तिकडे फिरकलाच नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "आमचाही नाशिकला फ्लॅट आहे. मी तिथे एकही रात्र राहिलेले नाही. पुढच्या महिन्यात आम्ही कायमचे तिथे जातोय."

टाळ्या पडल्या. स्वतःचाच इतका राग आला की काय सांगू.

ती खाली येऊन शेजारी बसली. "अगं, कळलं होतं तर बोलली का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच.

तिनं माझा हात धरला आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "मला कळतंय म्हटलं असतं, तर तू बाबांशी बोलणंच बंद केलं असतंस, आई. मग कुणापाशी रडली असतीस?"