वन्संसाठी राखाडी गाऊन

भाच्याचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी मशीनवर शाळेच्या गणवेशांना कॉलरी लावत होते. "मामी, आईला तिथं सोलापुरातच सेवाकेंद्रात ठेवायचं ठरलंय. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला एकटीला उठता येत नाही, आणि घरात बाई टिकत नाही. तिथं साडी चालत नाही म्हणे. कपड्यांचं तेवढं तुम्ही बघाल का? तुम्हाला त्यातलं कळतं."

"बघते की," मी म्हणाले. फोन ठेवला आणि उरलेल्या कॉलरी गुणगुणत लावल्या.

त्याची आई म्हणजे माझी थोरली नणंद. माझा नवरा गेला तेव्हा माझी मुलगी पहिलीत होती. तेराव्याचं जेवण उरकलं, पाहुणे पांगले आणि वैरागहून आलेल्या वन्संनी माझं कपाट उघडलं. मला विचारलंसुद्धा नाही. एकेक साडी बाहेर काढून पलंगावर टाकत गेल्या. "ही आता तुला शोभत न्हाय. ही बी न्हाय. ही तर लईच भडक हाय." माझ्या आईनं पहिल्या दिवाळीला दिलेली पोपटी इरकल त्यांनी अंगाला लावून आरशात बघितली आणि स्वतःच्या पिशवीत घातली. मला उरल्या त्या राखाडी, बिस्किटी, मातकट. "धुवायला बऱ्या पडत्यात," असं वर सांगितलं. सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्या नुसत्या बघत राहिल्या.

हे मी पोटात घातलंही असतं. पण पुढं वन्संचे यजमान वारले. मी भेटायला गेले तर त्या तांबड्या साडीत, हातात काचेच्या बांगड्या, कपाळाला टिकली. माझी नजर त्यांना कळली. म्हणाल्या, "आता कोण पाळतंय गं ह्ये सगळं? काळ बदलला की." मी त्या दिवशीही बिस्किटी साडीच नेसले होते. दुसरा रंग घालायचा मला धीरच झाला नव्हता. परतीच्या एसटीत सोलापूर येईस्तोवर मी दात आवळून बसले होते.

सेवाकेंद्रातल्या बाईंनी मला सगळं नीट सांगितलं. गाऊन समोरून पूर्ण उघडणारे हवेत, म्हणजे पडल्या पडल्या घालता येतात. बाही सैल, कापड सुती, हुक नकोत, टिच बटणं चालतील. मानेपाशी नाव शिवायचं, कारण धुणं सगळ्यांचं एकत्र होतं. काचेच्या बांगड्या नकोत, फुटल्या की म्हाताऱ्या माणसांची कातडी चिरते. "रंग मात्र त्यांच्या आवडीचा बघा," त्या म्हणाल्या. "आवडीचं अंगावर असलं की माणूस लवकर रुळतं."

मी मान डोलावली आणि तिथून थेट चाटी गल्लीत गेले. दुकानदारानं आधी फुलाफुलांचं कापड उलगडलं, लाल, जांभळं, हळदी. "आजींना खुलून दिसेल, ताई." मी म्हटलं, "फुलं नकोत. राखाडी दाखवा. बिस्किटी असलं तर तेही." त्यानं खालच्या फळीवरून गठ्ठे काढले, वरची धूळ झटकली. मी कापड मात्र चांगलं घेतलं, मऊ, अंगाला टोचणार नाही असं. त्यात कुणाला बोट ठेवायला जागा राहू द्यायची नव्हती.

गाऊन शिवून झाल्यावर मी, वैराग सोडून वन्सं सोलापुरात राहायला आल्या होत्या त्या फ्लॅटवर गेले. त्या कॉटवर पडून होत्या. मी समोरच त्यांचं कपाट उघडलं आणि साड्या बाहेर काढायला लागले.

"काय करती गं?"

"आवरते, वन्सं. ही आता तुम्हाला शोभत नाही. ही पण नाही. ही तर फारच भडक."

त्यांनी माझ्याकडं टक लावून बघितलं. त्यांना सगळं आठवलं होतं. मी विचारलं, "माझी पोपटी कुठंय?"

"विरली. पायपुसणं केलं तिचं."

मग मी साबणाचं पाणी आणलं, त्यांचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बांगडी उतरवली. दुखवलं नाही. पण घाईही केली नाही. राखाडी गाऊन घातल्यावर त्यांनी बाहीवरून बोटं फिरवली. "ह्यो रंग कुणी सांगितला?"

"धुवायला बरा पडतो," मी म्हणाले.

वन्सं सेवाकेंद्रात राहायला गेल्यावर महिनाभरातच भाच्यानं त्यांना व्हिडिओ कॉलवर बघितलं असणार. त्यानं मला फोन केला. "मामी, आई अशी का दिसते? एखादा रंगीत गाऊन शिवता का?" मी म्हटलं, "तू ये, कापड निवड, मी शिवते." तो आला नाही. मलाही तो यायला नको होता.

मी दर आठवड्याला जाते. त्यांना आवडते म्हणून शेंगाचटणी नेते, केस विंचरते. सेवाकेंद्रातल्या बाई सगळ्यांना सांगतात, भावजय असावी तर अशी. वन्सं ऐकतात आणि खिडकीकडं बघतात. भजनाला हॉलमध्ये जायचं त्यांनी सोडलंय. बाकीच्या बायका रंगीत गाऊन घालून बसतात, त्यांच्यात ह्या अवतारात बसायचं नाही म्हणतात.

परवा त्यांनी शेवटी विचारलं. "एक तांबडा शिव की गं."

"शिवते. फक्त म्हणा, तेव्हा माझं कपाट उघडलं ती चूक झाली."

त्यांनी बाहीची कड चिमटीत धरली आणि तोंड उघडलं. मला वाटलं, म्हणतील. खरं सांगायचं तर मला भीतीच वाटली. त्यांनी म्हटलं असतं तर मला तांबडं कापड आणावं लागलं असतं, आणि इतकी वर्षं जपलेलं सगळं तिथंच संपलं असतं.

"न्हाय म्हणणार," वन्सं म्हणाल्या.

"मग हेच घाला."

"घालती."

मी त्यांच्या गळ्याशी सुटलेलं बटण लावलं, चटणीचा डबा उशाशी ठेवला आणि बाहेर पडले. रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं, मी हसत होते.