अक्कानं दिलेली नागीण

दुपारची जेवणं झालीत, पाठ भिंतीला आहे आणि भिंतीपलीकडं मुजावरांचे माग चाललेत. खटक-खट, खटक-खट. इचलकरंजीत जन्म काढलेल्या बाईला अंगाई लागत नाही, मागाचा आवाज पुरतो. डोळे मिटतात. झोप उंबऱ्यापर्यंत येते आणि तिथंच उभी राहते, कारण मला उजव्या कुशीवर वळता येत नाही. उजव्या कमरेवर नागीण आहे.

खरीखुरी सरपटणारी नव्हे. पाण्यानं भरलेल्या बारीक फोडांची रांग, पाठीच्या कण्यापासून निघून पोटाकडं आलेली. आग अशी, की आतनं कुणीतरी इस्त्री फिरवतंय. घरात कुणाला सांगितलेलं नाही. गुपचूप गेरू कालवून लेप दिलाय, आणि पोटाच्या मधोमध गेरूचीच एक जाड रेघ ओढलीय. बाई, इथनं पुढं यायचं नाही. नागिणीनं कमरेला वेढा घातला आणि तोंड शेपटीला टेकलं की माणूस खलास, असं आमच्याकडं सगळेच म्हणतात. मरायला माझी ना नाही. पण उद्या नको.

उद्या माझी पणती घरी येणार आहे. प्रांजलची, म्हणजे माझ्या नातीची लेक. वेळेआधीच जन्मली म्हणून दवाखान्यात काचेच्या पेटीत होती, ती उद्या पहिल्यांदा घर बघणार. लगेच बारसं. पाळण्यात घालायच्या आधी तिला माझ्या मांडीवर देणार आणि माझा लेक माझ्या डोक्यावरनं सोन्याची फुलं ओतणार. पणतवंड बघितलेल्या बाईचा तो मान. फुलं आलीत सोनाराकडनं. जाता-येता डबी उघडून बघते.

आता लागतेय झोप. लागली म्हणेपर्यंत पायाशी खाट करकरते.

अक्का बसलीय.

हेमाक्का, माझी थोरली बहीण. कुरुंदवाडच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, आणि घरी आल्यावर उरलेलं मला. तीन वर्षं झाली तिला जाऊन. गेलेलं माणूस स्वप्नात आलं की लोकांना रडू येतं म्हणे. मला आधी वैताग येतो, कारण ती नेमकी माझ्या घडी केलेल्या साड्यांवर बसलीय.

"ऊठ तिथनं. उद्याची साडी आहे ती."

"गेरू लावलायस," अक्का म्हणते. चष्मा नाकाच्या टोकावर, तसाच.

"तू गेलीयस ना? मग तुला काय करायचंय?"

"मी गेले. माझे डोळे कुठं गेलेत?"

बघा. एवढ्या वर्षांनी भेटलीय आणि पहिलं वाक्य हे. मीही मग डाव्या कुशीवर होते आणि रंगवून सांगायला घेते. "अगं, परवा परड्यात गेले तर शेवग्याखाली ही एवढी नागीण! फणा माझ्या खांद्याला. मी म्हटलं, बाई, घरात लेकुरवाळी यायचीय, तू जा. तर तिनं नुसती सावली टाकली माझ्यावर, आणि..."

"कमळे."

"ऐक तरी! ती सावली जिथं पडली..."

"कमळे, कांजिण्या आठवतात?"

तेवढ्यात खाट राहत नाही. आम्ही दोघी कुरुंदवाडच्या स्वयंपाकघरात जमिनीवर, कडुलिंबाच्या पाल्यावर. घरात कांजिण्या म्हणून आईनं फोडणी बंद केलीय. कढई उलटी टांगलेली. दहीभात, दहीभात आणि परत दहीभात. अक्का दहा-अकरा वर्षांची, अंगभर फोड, पण चष्मा म्हातारपणीचाच. खाजवू नये म्हणून आईनं तिच्या दोन्ही हातांना कापडी पिशव्या बांधल्यात. अक्का दातांनी गाठ सोडते. आई परत बांधते. ती परत सोडते.

"तुला सांगितलं होतं लांब राहा," ती मला म्हणते. "तू माझ्या पांघरुणात शिरलीस."

"तुझा सगळ्यात मोठा फोड बघायचा होता. तूच म्हणालीस, लिंबाएवढा आहे."

"मी वाटाण्याएवढा म्हटलं होतं. लिंबू तू केलंस."

मग मलाही आल्या. तेव्हा माझे हात अक्कानं बांधले. दातांनी सुटणारच नाही अशी गाठ तिनं शोधून काढली होती. दोन पीळ, आणि टोकं फिरवून आत कोंबलेली. पुढं आयुष्यभर तीच गाठ. तिच्याकडनं लोणच्याची बरणी आली की तोंडाच्या फडक्याला हीच, आणि माझी सून, प्रांजलची आई, वैजयंता पुटपुटत कात्री शोधायची.

"नाकावरचा वण कशाचा?" अक्का विचारते.

"पोपटाचा. नरसोबाच्या वाडीत पोपटानं चोच मारली. सगळ्या गल्लीला माहितीय."

"कांजिणीचा. मी शेजारी होते."

माणसानं मेल्यावर तरी दुसऱ्याची गोष्ट शेवटपर्यंत ऐकावी की नाही? आधीच माझ्या गल्लीनं नियम करून ठेवलाय, कमळाआजीनं काही सांगितलं की चारानं भागायचं. आणि ही सख्खी बहीण. ही भागतही नाही, सरळ खोडते.

"फोड गेले," ती म्हणते, आणि तिच्या हातात आता खडू आहे. "विषाणू गेला नाही. तो तुझ्या पाठीच्या कण्याशेजारी, मज्जातंतूच्या मुळाशी जाऊन झोपला."

"एवढी वर्षं?"

"एवढी वर्षं. तुझं लग्न, बाळंतपणं, सगळ्यात झोपलेला. अंगात राखणदार असतात, ते त्याला उठू देत नव्हते. आता तू म्हातारी झालीस. राखणदार पेंगतायत."

"मी म्हातारी?"

"हात वर करून विचार."

मी हात वर करते. काय करणार, फळा समोर आहे. बाक माझ्या गुडघ्यांना टोचतोय आणि फळ्यावर खडूनं काढलेली माझी पाठ आहे, गेरूच्या रेघेसकट. अक्का फळ्याला धक्का देते. फळा दारासारखा उघडतो. आत माग.

किती म्हणून सांगू! मुजावरांच्या कारखान्यासारखे हजार कारखाने एकापुढं एक. छप्पर दिसत नाही.

"कुठं आणलंस गं मला?"

"तुझ्या पाठीत."

"एवढी मोठी आहे माझी पाठ?"

"चारानं भाग," अक्का म्हणते. हसत नाही, पण तोंडाचा कोपरा हलतो.

एकेक माग म्हणजे एकेक पेशी समज, असं ती म्हणते. प्रत्येकावर आपलं आपलं कापड चाललंय. कुठं कातडं, कुठं नस. कोपऱ्यात कुणीतरी आळस देत उठतोय. मुंगीएवढा. त्याला हात नाहीत, पाय नाहीत, पोट नाही. काखेत तेवढी पुठ्ठ्याची एक पट्टी, भोकं पाडलेली, मागावर नक्षी काढायला लावतात ना, तसली.

"हा? हा माझ्या अंगाची आग करतोय? ह्याला तर फुंकर मारली तरी उडेल!"

"मार बघू."

मी फुंकर मारते. तो उडतो आणि नेमका एका मागावर जाऊन बसतो. बसल्याबसल्या मागाची जुनी पट्टी काढून आपली लावतो. खटक-खट. माग हातातलं कापड टाकतो आणि त्यालाच विणायला लागतो. तो, तो, तो, तो. सूत माझं, घाम माझा, आणि माल सगळा त्याचा! माग फुगतो, फुगतो, फुटतो. माझ्या कमरेत कळ उठते. बाहेर पडलेले सगळे एका लांब दोऱ्यावरनं रांगेत पळत सुटतात, कातड्याकडं.

"अगं, स्वतःचं काहीच नाही का ह्याच्याकडं? सगळं दुसऱ्याच्या घरात जाऊन करायचं?"

"तेवढंच येतं त्याला."

"आपल्या बापूकाकासारखा आहे."

"कमळे, तो दोरा बघ. कुठं जातोय?"

दोरा उजवीकडं जातो. डावीकडं जायला वाटच नाही. त्या तिकडं, कारखान्याच्या टोकाला, माझी गेरूची रेघ भिंतीसारखी उभी आहे आणि तिच्यापर्यंत कुणी पोचतच नाही.

"नागिणीचं तोंड-शेपटी सहसा जुळत नाही ते ह्यासाठी," अक्का म्हणते. "एका बाजूची नस एकाच बाजूला जाते. तुझ्या रेघेला कुणी विचारत नाही."

"म्हणजे मी मरत नाही?"

"हिच्यानं तरी नाही. लवकर डॉक्टर गाठ. गोळ्या असतात, वेळेत घेतल्या तर आग कमी होते."

"मग झालं की!" माझा जीव भांड्यात पडतो. "उद्याचं एवढं उरकते, पदर घट्ट खोचते, परवा जाते डॉक्टरकडं."

अक्का खडू खाली ठेवते. अक्कानं खडू ठेवला म्हणजे काहीतरी वाईट आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक.

मागांच्या मधे काचेची पेटी आहे.

मी आधी डबीच समजते, सोन्याच्या फुलांची. जवळ जाते तर आत बाळ. मूठभर. डोळे मिटलेले, पापण्या कागदाएवढ्या. आणि तिच्यात पण माग चाललेत, इवलेइवले, नखावर मावतील असे. आवाजसुद्धा येतो, पावसाच्या बारीक थेंबांसारखा. बघता बघता एक माग मधनं लांबतो, आतली पट्टी दुहेरी होते, आणि एकाचे दोन. दोनाचे चार. कुणी फुटत नाही, कुणी मरत नाही. जो तो आपल्यासारखा शेजारी तयार करून परत कामाला लागतो.

"अशीच वाढतेय ती," अक्का हळू म्हणते. "तू पण अशीच वाढलीस. एका मागापासून."

मला राहवत नाही. मी कमरेला खाजवते आणि तोच हात पुढं करते, पेटीकडं. नखातनं पाणी ठिबकतं. थेंब खाली पडायच्या आधीच मला त्यात दिसतो तो, काखेत पट्टी घेतलेला. एक नाही, खच्चून भरलेत. बाळाच्या पायाकडचा एक माग दचकून थांबतो.

"हात मागं घे!"

अशी ओरडते, की मी खरोखर मागं घेते.

"प्रांजलला कधी कांजिण्या आल्या होत्या?"

"नाही."

"कांजिण्यांची सुई टोचून घेतली होती?"

"तिची आईच म्हणाली, काय नको."

"आईच्या अंगात जे राखणदार असतात, त्यातले थोडे ती पोटातल्या बाळाला शिदोरी म्हणून देते. प्रांजलकडंच नाहीत, तर ही कुठनं आणणार? त्यात वेळेआधी आलेली. तुला जी नागीण आहे ना, ती हिला कांजिण्या होऊन येईल. आणि हिला त्या पेलणार नाहीत."

"मी हात धुवीन."

"आणि धुऊन खाजवशील."

"नुसतं मांडीवर घेईन. एक क्षण! अक्का, तुला काय जातंय बोलायला? अख्खा जन्म लोक माझं बोलणं चारानं भागत आलेत. ही एकच गोष्ट अशी आहे की भागता येणार नाही. पणती मांडीवर, डोक्यावर फुलं, सगळी गल्ली बघतेय. हीच तेवढी मला घेऊ देत नाहीस! आणि ही नागीण दिली कुणी मला? तूच ना?"

अक्का चष्मा काढते. पदरानं पुसते.

मला एकदम दुसरंच सुचतं. म्हणजे सुचत नाही, तोंडातनं निघतं. "तुझं माझ्याकडं काही राहिलंच नाही गं. साड्या वाटल्या, भांडी तुझ्या पुतण्यांनी नेली. हे एवढंच तुझं आहे माझ्या अंगात."

"मग ठेव की," अक्का म्हणते. "मी परत मागतेय का? फक्त पुढं देऊ नकोस."

असं बोलावं का एखाद्याला? भांडायला जागाच ठेवत नाही ही बाई. मी तोंड फिरवते. आणि तिला तेवढीच फट पुरते. माझे हात तिच्या हातात आहेत, आणि परत कडुलिंबाचा वास, परत दहीभाताचं ताट, आणि ती मान खाली घालून माझ्या मनगटाशी काहीतरी करतेय.

"घट्ट होतंय, अक्का."

"होऊ दे."

खटक-खट. खटक-ख...

माग थांबतात.

गल्लीत लाईट गेलेत. अचानक एवढं शांत होतं की मला जाग येते. भिंत, खाट, पायाशी साड्या. साड्यांची घडी चुरगळलेली आहे. कमरेची आग आहे तशी आहे. मी खाजवायला हात नेते, आणि हात पोचत नाही.

दोन्ही हात उशीच्या अभ्र्यांत आहेत. मनगटापर्यंत. वर गाठी.

मी उजवी गाठ दातात धरते. ओढते. कवळी निघते, गाठ निघत नाही. मनात येतं, पडून राहावं, कसंतरी सोडवावं, पदर खोचावा आणि उद्या मांडी घालून बसावं. अजून कुणी बघितलेलं नाही. डबी समोर फडताळात आहे.

"वैजयंता!" मी हाक मारते. "ए वैजयंता, लवकर ये!"

सून हात पुसत येते. दारातच थांबते. "अहो आई, हा काय अवतार?"

"अक्कानं बांधलेत."

"बरं." ह्या घरात माझ्या बोलण्याला ती एवढंच म्हणते. "कवळी घाला आधी. आणि कशाला बांधलेत मावशींनी?"

"माझ्या उजव्या कमरेवरची साडी बाजूला कर."

ती करते. मग जे बोलते ते मी सांगत नाही. सासूला बोलायचं ते नव्हे, पण सगळं खरं आहे. फोन लावते, डॉक्टरना आधी, मग प्रांजलला. "बारसं पुढं ढकला. बाळासाठीच म्हणते. आजींना नागीण आलीय. होय, त्याच म्हणाल्या. स्वतःहून!" शेवटचा शब्द ती दोनदा म्हणते, आणि मला तो जरा जास्तच वाटतो.

"फुलं कुठं जात नाहीत," फोन ठेवून ती म्हणते. "खपल्या पडू देत, मग घ्या मांडीवर पाहिजे तेवढा वेळ. आणा हात."

ती माझ्यासमोर बसते आणि डाव्या गाठीला नख लावते. मग उजव्या. परत डाव्या. टोकं शोधते. टोकं नाहीत. दोन पीळ, आणि आत कोंबलेली. तिची बोटं हळूहळू थांबतात.

"आई," ती म्हणते. माझ्याकडं बघत नाही. गाठीकडंच बघते. "ही तर लोणच्याच्या बरणीची..."

"चारानं भाग," मी म्हणते.

ती उठून कात्री आणते, आणि कात्री हातात धरून तशीच बसून राहते.