नाकतोडीची अंडी आणि माझ्या कळा

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी सिद्धेश्वर धरणाजवळच्या आमच्या गावी आले ती पोट आणि नाकतोड्यांचा पिंजरा, दोन्ही सांभाळत. पीएचडीचे शेवटचे प्रयोग राहिले होते. मायनं कपाळावर हात मारला. "लोकाच्या लेकी बाळुती घेऊन येतात, आमची किडे घेऊन आली!"

माझा विषय ऐकून बायका तोंडाला पदर लावतात. नाकतोडीची अंडी बाहेर ढकलणारे स्नायू हलतात कशानं? प्रयोगशाळेत मी मादीची अंडनलिका काढून खारट पाण्यात ठेवायची. वर प्रोक्टोलिनचा थेंब टाकायचा. प्रोक्टोलिन हे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा चिमुकला तुकडा. मादी मेलेली, तरी तिची ती नळी आखडायची! दुसरं एक पेप्टाइड टाकलं की सैल पडायची. ओली माती सापडेपर्यंत मादी अंडी धरून ठेवते, त्यात या दोघांच्या ओढाताणीचा हात असतो. पण धरायचं कुठवर आणि सोडायचं कधी, हे ठरवतं कोण? या प्रश्नानं मला पार येडं केलं होतं.

घरी मात्र मायपुढे चिमट्याला हात लावायची सोय नव्हती. "दोन जिवांची बाई तू, अन् अंड्यावरचा जीव कापती? न्हाई म्हंजे न्हाई!" मग मी नुसती बघत बसायची. मादी पिंजऱ्यातल्या कोरड्या मातीत पोटाचं टोक खुपसायची आणि अंडी न घालता तसंच काढून घ्यायची.

माझी तारीख उलटली. एका सकाळी कळा सुरू झाल्या आणि दुपारपर्यंत विरून गेल्या. भावानं जीपमध्ये घालून हिंगोलीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "कळा वाढल्या नाहीत तर पोट उघडावं लागेल." मी जाम घाबरले. लेकरू नीट येईल ना, एवढंच डोक्यात. नर्सनं सलाइन लावलं.

"ऑक्सिटोसिन का?" मी विचारलं.

"व्हय. तुमाला कसं ठाऊक?"

तेही पेप्टाइडच. नळीतून थेंब पडताना बघून मला तेवढ्यातही वाटलं, बघू तरी, स्नायूला कळायला किती वेळ लागतो. मग खरी कळ आली आणि सगळं शास्त्र चुलीत गेलं. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली, धडधाकट.

तिसऱ्या दिवशी माय दवाखान्यात माझ्या खाटेशी बसून म्हणाली, "सलाइनचं काई सांगू नको. तू गेल्यावर म्या घरातलं समदं उघडलं, म्हणून सुटलीस." कळा अडल्या की घरात काही बांधलेलं, झाकलेलं ठेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

"समदं म्हंजे?"

"पेटी, डबे, शेळ्यांची दावी सोडली. अन् तुझा पिंजरा."

"माय! पिंजरा काहून?"

"त्या बी अडलेल्याच व्हत्या की."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. हंगाम सरत आलेला, आता माद्या आणायच्या कुठून? तोंडाला येईल ते बोलणार, तेवढ्यात पाळण्यात पोरगी रडली. मी तिला उचललं नव्हतं, हातही लावला नव्हता. तरी छातीत आतून काहीतरी आवळलं आणि गाऊन दुधानं भिजला. सलाइन कधीच काढलेलं होतं; दूध सोडणारं हे ऑक्सिटोसिन माझ्याच अंगातलं.

मी खाली बघतच राहिले. मग हात पुढे केले.

"दे माय तिला इकडं," मी म्हणाले. "लवकर दे."